फिका रंग

साडीच्या दुकानात गेलं, की गादीवर बसलेला माणूस आधी आपल्या चेहऱ्याकडं बघतो आणि मग गठ्ठा उघडतो. पन्नाशी ओलांडल्यापासून माझ्यासमोर येणारे गठ्ठे बदलले आहेत. "काकूंना जरा इंग्लिश कलर दाखव रे," असं तो पोऱ्याला सांगतो. इंग्लिश कलर म्हणजे काय, ते आपल्याला सगळ्याजणींना ठाऊक आहे. दुधात चार थेंब शाई पडावी तसा निळा, धुऊन धुऊन उतरल्यासारखा गुलाबी, पिस्त्याचा हिरवा, आणि ज्याला धड नावही नाही असा एक राखी-जांभळा. आपणही "सोबर आहे" म्हणतो आणि घेतो. हे कोणी ठरवलं, असं विचारत नाही.

मी विचारायला लागले ते माझ्या भाचीमुळं, आणि तेही तिचं मन दुखावून झाल्यावर.

गेल्या मे महिन्यात धाकटी बहीण लेकीला घेऊन आमच्याकडं डिचोलीला आली होती. भाची चोवीस वर्षांची. पुण्यात जपानी शिकली आणि तिथंच एका कंपनीत भाषांतराचं काम करते. एक दिवस सगळ्यांनी मिळून हळर्णचा किल्ला बघायला जायचं ठरलं. डबे भरले, पाणी गाळून बाटल्यांत घेतलं, गाडी दारात आली, आणि भाची खोलीतून बाहेर आली. फिकट जांभळा, घेरदार, लेस लावलेला फ्रॉक. पुदिन्याच्या रंगाचे मोजे. केसांना दोन्ही बाजूंनी गुलाबी रिबिनी. गळ्यात प्लास्टिकच्या चांदण्यांची माळ, आणि पाठीला चक्क ढगाच्या आकाराची पिशवी. सासूबाई बघतच राहिल्या. मी तेव्हा गप्प बसले, पण किल्ल्यावर पोचल्यावर राहवलं नाही. सगळ्यांच्या देखत म्हणाले, "बाई गं, हे काय बाहुलीचं सोंग घेऊन आलीस? चोवीस वर्षांची आहेस ना?"

सगळे हसले. तीही हसली. मग तटाजवळ आम्ही दोघीच उभ्या असताना, खाली शापोरा नदीकडं बघत ती म्हणाली, "मावशी, ऑफिसात मी रोज जी हसत बसते ना, ते सोंग. हे नाही."

रात्री बहिणीनं सांगितलं, की आदल्या हिवाळ्यात पोर दीड महिना अंथरुणातून उठत नव्हती. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. हळूहळू उठली. उठल्यावर पहिल्यांदा तिनं काय केलं असेल, तर जुन्या बाजारातून एक फिका फ्रॉक आणून त्याला घरी बसून लेस लावली. "म्हणून मी काही बोलत नाही गं," बहीण म्हणाली. मला त्या रात्री झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी मी तिला म्हटलं, मला नीट समजावून सांग. तिनं सांगितलं ते मला समजलं तसं लिहिते.

जपानीत युमे म्हणजे स्वप्न आणि कावाई म्हणजे गोंडस, लोभस. स्वप्नातल्यासारखं गोंडस, ते युमेकावाई. ढग, चांदण्या, शिंगाचा घोडा, ससे, आणि सगळं फिक्या जांभळ्या, गुलाबी, आकाशी रंगात बुडवलेलं. तिचीच एक बहीण फेअरी केई, म्हणजे परीची शैली. ही टोकियोच्या कोएन्जी भागात वाढली. तिथं जुन्या कपड्यांची दुकानं पुष्कळ. १९८०च्या दशकातली अमेरिकन खेळणी, रंगीत घोडे, अस्वलं, पोटमाळ्यावर टाकून दिलेली, ती शोधून आणायची आणि गळ्यात, केसांत, पिशवीवर लावायची. म्हणजे सुरुवात टाकून दिलेल्या वस्तूंपासून झाली. हे ऐकून मी जरा सावरून बसले.

टोकियोतच हाराजुकू नावाचा भाग आहे. तिथला एक रस्ता सुटीच्या दिवशी वाहनांना बंद असायचा आणि तरुण मुलं-मुली आपापले कपडे घालून तिथं जमायची. १९९८ साली ती सोय बंद झाली, पण मुलं यायची थांबली नाहीत. शोइची आओकी नावाच्या छायाचित्रकारानं १९९७ पासून वीस वर्षं ‘फ्रूट्स’ नावाचं मासिक चालवलं, त्यात पानोपानी या मुलांचे रस्त्यावर काढलेले फोटो असत. कोणी मोठी मॉडेल नाही, शिवणकाम करून स्वतःला सजवलेली साधी पोरं.

पण हे जपानमध्येच एवढं का फुललं? भाची म्हणाली, "मावशी, तिकडची शाळा बघ." गडद निळा गणवेश, ठरलेली लांबी, ठरलेले मोजे, केस काळेच हवेत. २०१७ साली ओसाकातल्या एका विद्यार्थिनीनं खटला भरला होता. तिचे केस जन्मतःच तपकिरी होते आणि शाळा तिला ते काळे रंगवून यायला सांगत होती. एकीकडं केस रंगवायला बंदी, दुसरीकडं नैसर्गिक केस रंगवायची सक्ती! शाळेनंतर ऑफिस, तिथं काळा सूट. किमोनोतही वयाचा हिशेब आहेच. लांब बाह्यांचा, भरगच्च रंगांचा किमोनो लग्नाआधी, लग्नानंतर बाह्या आखूड. ऐकताना मला आमचं साडीचं दुकान आठवलं. गादीवरचा माणूस तिकडंही बसलेला आहे तर!

अशा ठिकाणी रविवारी एका दिवसासाठी ढगाची पिशवी पाठीला लावणं, यात नुसती हौस नसते. तिथल्या सरकारनंच २००९ साली तीन तरुणींना या गोंडसपणाच्या दूत म्हणून नेमलं. त्यांतली मिसाको आओकी ही झालरीच्या, घेरदार फ्रॉकांची मॉडेल. तिचा दुसरा व्यवसाय परिचारिकेचा. रुग्णालयात गणवेश, सुटीत झालरी. यातलं तिचं सोंग कुठलं, असं कोणी मला विचारलं तर मी आता काय सांगू?

सोंग या शब्दाचंही मला वाईट वाटतं. मी तो शिवीसारखा वापरला, आणि वापरला कुठं, तर पेडण्यात. या तालुक्यात दशावतारी नाटकासाठी माणसं जत्रेला रात्रभर जागतात. दिवसा बागायतीत राबणारा माणूस रात्री रंग लावून राणी होतो, आणि त्याच्या दुःखानं बायका पदर डोळ्यांना लावतात. तिथं सोंग घेणं म्हणजे फसवणं नव्हे. उलट जे एरवी बोलता येत नाही, ते बोलायची ती वाट आहे.

तसं बघितलं तर हळर्णच्या किल्ल्याचाच या झालरींशी एक लांबचा धागा आहे. हा किल्ला सावंतवाडीच्या भोसल्यांचा. १७४६ साली पोर्तुगीज व्हाइसरॉय पेद्रु मिगेल द आल्मैदा यानं तो जिंकला. त्याचं लिस्बनला एवढं कौतुक झालं, की त्याला पुढं ‘आलोर्नचा मार्कीस’ ही पदवी मिळाली. आलोर्न म्हणजे आपलं हळर्ण. जांभ्या दगडाच्या या छोट्याशा किल्ल्याचं नाव असं पोर्तुगालच्या दरबारात गेलं. त्याची नात लियोनोर, जन्म १७५०चा. पुढं हीच आलोर्नची मार्कीझ झाली आणि पोर्तुगीज भाषेतली नामांकित कवयित्री ठरली. पण ती आठ वर्षांची असताना तिच्या आईच्या माहेरच्या ताव्होरा घराण्यावर राजद्रोहाचा आळ आला. आजी-आजोबांना देहदंड झाला, वडील तुरुंगात गेले, आणि आई व दोघी लेकी लिस्बनजवळच्या शेलास इथल्या ख्रिस्ती मठात ठेवल्या गेल्या. १७५८ ते १७७७. मठातून बाहेर पडली तेव्हा लियोनोर सव्वीस वर्षांची होती. तिथंच ती शिकली, तिथंच कविता लिहिल्या. हळर्ण तिनं कधी पाहिलं नाही.

तो काळ युरोपच्या दरबारांत फिक्या रंगांचा होता. फिका गुलाबी, आकाशी, लेस, रिबिनी, घेर. जपानमधल्या ज्या शैलीला लोलिता म्हणतात, तिनं आपला घेर आणि झालरी बऱ्याच अंशी त्या काळातून उचलल्या आहेत. नोवाला ताकेमोतो यांच्या एका कादंबरीची नायिका खेड्यात राहते आणि आपण त्या फ्रेंच काळात जन्माला यायला हवं होतं, असं तिला वाटत असतं. २००४ साली तिच्यावर चित्रपटही निघाला. तिला ते दरबार म्हणजे स्वप्न वाटतं. त्याच काळात एक खरीखुरी सरदारकन्या, आपल्या गावाचं नाव पुढं जिला लागलं ती, भिंतीआड वाढत होती. रंग तेच, पण एकीच्या वाट्याला खिडकी आणि दुसरीच्या वाट्याला भिंत.

इथं मला आमची आक्का आठवते.

आक्का म्हणजे माझी आत्या. लियोनोर ज्या वयात सुटली, त्या वयात आक्का अडकली. सव्वीस वर्षांची असताना तिचे यजमान गेले आणि ती आमच्या घरी, सांगलीकडं, परत आली. आधी पांढरं, मग काही वर्षांनी "आता चालेल" म्हणून फिकं. राखी, बदामी, पुसट जांभळा. आज ज्याला मुली पेस्टल म्हणतात, तो रंग माझ्या लहानपणी आमच्या घरात एकाच बाईच्या अंगावर असायचा. आणि गंमत अशी, गंमत कसली, की घरातल्या कुठल्याही मुलीची साडी घ्यायची म्हटलं की आक्काला दुकानात न्यायचे. तिची नजर पक्की. ती ढिगातून नेमकी डाळिंबी काढायची, माझ्या खांद्यावर टाकायची, मागं सरकून बघायची आणि म्हणायची, "ही घ्या. हिला हीच." स्वतःच्या खांद्यावर तिनं एकदाही टाकून बघितली नाही. आम्हीही कोणी टाकली नाही. आम्ही जैन, दयाधर्माचे. पाणी गाळून पिणारे, मुंगी चुकवून चालणारे. पण घरातल्या घरात एका बाईचे रंग काढून घेतले गेले आणि त्यात हिंसा झाली, असं कोणाला वाटलं नाही.

आपल्यात पांढऱ्या साडीला फार मोठा मान आहे. आर्यिका माताजींची ती एक पांढरी साडी बघितली की हात आपोआप जोडले जातात. राजुलमतीची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. वरात दारात आलेली, जेवणासाठी कोंडलेल्या जनावरांचा आक्रोश ऐकून नेमिनाथ माघारी फिरले, आणि राजुलनं लग्नाचा साज उतरवून दीक्षा घेतली. गोव्यात फोंड्याजवळ बांदिवड्याला नेमिनाथ बस्तीचे अवशेष आजही आहेत. तिथं उभं राहिलं की मनात येतं, की राजुलनं साज उतरवला तो स्वतःच्या हातांनी. कोणी तिला धरून तिच्या बांगड्या फोडल्या नाहीत. त्याग हा शब्द तिच्याबाबतीत शोभतो. आक्काच्या बाबतीत तोच शब्द आम्ही वापरला, तो मात्र खोटा होता. जे माझ्या हातात कधी दिलंच नाही, ते मी सोडलं कसं म्हणायचं?

शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये ठराव केला, की गावात यापुढं विधवेचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र काढायचं नाही. महाराष्ट्र शासनानं मग इतर गावांनाही तसं करायला सांगितलं. शिरोळ म्हणजे आपल्या समाजाची दाट वस्ती असलेला भाग. बातमी वाचली तेव्हा आक्का जाऊन बरीच वर्षं झाली होती.

तर पहिली गोष्ट मला एवढी समजली, की रंग कुठला आहे यावरून काहीच कळत नाही. कोणी निवडला, ते बघावं लागतं. तोच फिका जांभळा आक्कावर शिक्षा होता आणि भाचीवर औषध.

पण इथंच थांबलं तर फार सोपं झालं. "मी निवडलं म्हणजे बरोबर" हे आजकाल सगळीकडंच ऐकू येतं आणि आपला धर्म तेवढ्यावर समाधान मानत नाही. आपल्याकडं रंगांचा विचार फार खोल झाला आहे. पाठशाळेत आपण सगळ्यांनी लेश्यांचं चित्र बघितलं असेल. कित्येक मंदिरांच्या भिंतींवर ते असतं. सहा भुकेली माणसं रानात फळांनी लगडलेल्या झाडाजवळ येतात. कृष्ण लेश्येचा म्हणतो झाड मुळासकट तोडू. नील लेश्येचा म्हणतो बुंधा तोडू. कापोत लेश्येचा मोठ्या फांद्या, पीत लेश्येचा डहाळ्या. पद्म लेश्येचा म्हणतो, फक्त फळं तोडून घेऊ. आणि शुक्ल लेश्येचा म्हणतो, खाली पडली आहेत तेवढी पुरेत. चित्रात पहिला माणूस काळा असतो आणि शेवटचा पांढराशुभ्र. रंग उतरत उतरत, फिके होत होत जातात.

लहानपणी ते चित्र बघून माझी पक्की समजूत झाली होती, की ज्याचे रंग फिके तो पुण्यवान. म्हणजे आमच्या घरात आक्का सगळ्यांत पुढं! पण आक्का रागीट होती. आम्हा पोरांना चिमटे काढायची, आईला टोचून बोलायची. मला कोडं पडायचं. कोडं सुटायला खूप वर्षं लागली. शास्त्रात द्रव्यलेश्या आणि भावलेश्या वेगवेगळ्या सांगितल्या आहेत. द्रव्यलेश्या म्हणजे शरीराचा वर्ण. तो नामकर्माचा भाग, त्याचा तुमच्या चांगुलपणाशी संबंध नाही. भावलेश्या म्हणजे क्रोध, मान, माया, लोभ यांनी रंगलेली आपली प्रवृत्ती. स्वतः नेमिनाथ भगवान श्यामवर्णाचे. तेव्हा सावळ्या मुलीला नाक मुरडणाऱ्यांनी आणि गोऱ्या सुनेचा तोरा मिरवणाऱ्यांनी हे चित्र पुन्हा एकदा नीट बघावं. आणि कपडा तर शरीराच्याही बाहेरचा. फिका फ्रॉक घातल्यानं कोणी पद्म लेश्येचं होत नाही, आणि फिकी साडी नेसवून आक्काचा राग शुक्ल झाला नाही. उलट तो नेसवल्यामुळंच वाढला असेल.

मग कपड्याकडं बघायचंच नाही का? बघायचं, पण कपड्याशी माणसाचं नातं काय, ते बघायचं. उमास्वामींनी परिग्रहाची खूण वस्तूंच्या आकड्यात सांगितलेली नाही, मूर्च्छेत सांगितली आहे. माझं, माझं म्हणून जीव त्यात अडकतो, ती मूर्च्छा. समंतभद्र आचार्यांनी श्रावकाला भोगोपभोगांचं परिमाण करायला सांगितलं. एकदाच वापरून संपतो तो भोग, आणि कपडे-दागिन्यांसारखा पुन्हा पुन्हा वापरायचा तो उपभोग. त्यालाही मर्यादा हवी. या फूटपट्टीनं मी आधी भाचीला मोजायला निघाले.

तिच्या जगात मूर्च्छा नाही असं नाही. ती स्वतःच म्हणाली, की काही कंपन्यांचे फ्रॉक फार महाग असतात, एखादी नवी छपाई आली की मुली रात्र जागून वाट बघतात, कर्ज काढतात, एकमेकींचे संग्रह बघून जळतात. टाकून दिलेल्या खेळण्यांपासून जे सुरू झालं, तेही शेवटी बाजारानं गिळलंच. तिनं आणखी एक गोष्ट सांगितली, ती ऐकून मी घाबरले. याच फिक्या रंगांची एक दुखरी बाजू आहे, यामीकावाई. यामी म्हणजे आजारी. तसेच ढग, तसेच ससे, पण सोबत मलमपट्ट्या, सुया, गोळ्यांची चित्रं. मनाचं दुखणं गोंडस करून अंगावर घालायचं. मी म्हटलं, हे बरं नव्हे. दुःख सुंदर दिसायला लागलं तर माणूस त्यातून बाहेर कशाला येईल? ती म्हणाली, "मलाही ते जवळचं वाटत नाही, मावशी. पण ज्या घरात मन आजारी आहे असं तोंडानं म्हणता येत नाही, तिथं मुली कपड्यांनी म्हणतात." यावर मला उत्तर सुचलं नाही. दुःखाला सजवू नये, हे माझं मत अजूनही आहे. पण बोलायची वाट आपणच बंद करायची आणि मग ती कुठून तरी भलतीकडून निघाली म्हणून नावं ठेवायची, हेही बरं नाही.

आणखी एक आक्षेप माझ्या मनात होता. मोठ्या झालेल्या बाईनं लहान मुलीसारखं का दिसावं? बाईनं गोंडस असावं, अजाण असावं, हे तर पुरुषांना हवंच असतं. हा आक्षेप मी पूर्ण सोडलेला नाही. पण एक दिसलं. त्या घेरदार, झाकलेल्या फ्रॉकात भाची कोणाला आवडावी म्हणून उभी नव्हती. किल्ल्यावरच्या दोन पोरांनी बघून हसल्यावर ती ओशाळलीही नाही. लाजले ते आम्ही. आणि बाईनं वयानुसार दिसावं हा आग्रह तरी कोणाचा? त्याच गादीवरच्या माणसाचा.

मग फूटपट्टी माझ्याकडं वळली. घरी आल्यावर मी कपाट उघडलं आणि साड्या मोजल्या. एकशे त्रेचाळीस. त्यांत रेशमी एकोणचाळीस. रेशीम कसं निघतं हे मला माहीत नाही असं नाही. कोशातला जीव पतंग होऊन बाहेर पडला तर धागा तुटतो, म्हणून त्याला आतच उकडून मारतात. एका साडीला असे हजारो कोश लागतात. मुंगी चुकवून चालणारी मी, देवळात पंचामृत अभिषेकाला रेशीम नेसून बसते आणि सुती-नायलॉनच्या फ्रॉकातल्या पोरीला सोंग म्हणते. प्लास्टिकच्या चांदण्यांचंही ओझं या पृथ्वीवर पडतंच, ते मी नाकारत नाही. पण मोजायचंच तर दोन्ही पारड्यांत मोजायला हवं. तिच्याकडं असले फ्रॉक सात आहेत. मी विचारलं होतं.

किल्ल्याहून परतताना वाटेत जांभळाचं झाड लागलं होतं. लेश्यांच्या गोष्टीत शोभेल असं तिथं काही घडलं नाही. आम्ही सगळ्यांनीच फांदी वाकवून जांभळं तोडली, भाचीनंही. खाली पडलेली कोणी उचलली नाहीत. पण खाताना एक जांभूळ तिच्या फ्रॉकवर सांडलं आणि पुढ्यातच भला मोठा डाग पडला. मी "अगं, अगं" म्हणत पाणी घेऊन धावले. तिनं डागाकडं बघितलं आणि म्हणाली, "असू दे मावशी, शेड मॅच झाली." आणि पुढचं जांभूळ तोंडात टाकलं. मला माझी पैठणी आठवली. एका लग्नात वाढपी मुलीच्या हातून तिच्यावर आमटीचे थेंब उडाले होते, आणि मी त्या मुलीला चारचौघांत जे बोलले, ते इथं लिहायचीही लाज वाटते. मूर्च्छा कोणाची जास्त, हे एका डागानं सांगितलं.

दशलक्षण पर्वात आपण दहा दिवस दहा धर्म ऐकतो. तिसरा उत्तम आर्जव. मन, वचन आणि काया एका सरळ रेषेत असणं. आत एक, बाहेर एक, ती माया. यंदा आर्जवाच्या दिवशी प्रवचन ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर तो ढग पाठीला लावलेली भाची येत होती. दुखत असताना ऑफिसात हसणारी ती मायेत होती, आणि रंगीत रिबिनी लावून "हे सोंग नाही" म्हणाली तेव्हा कदाचित सरळ होती. मी मात्र सोबर साडी नेसून, आतून जळत, वरून हसून बोलले होते. जळत का, ते आता कळतं. मला त्या वयात कोणी असं वागू दिलं नव्हतं.

क्षमावणीच्या दिवशी आपण सगळ्यांना एकच वाक्य म्हणतो. जाणते-अजाणतेपणी काही चुकलं असेल तर उत्तम क्षमा. शंभर जणांना तेच वाक्य, आता तर मोबाइलवर एकदमच पाठवतो. यंदा भाचीला मी फोन केला आणि ‘असेल तर’ म्हणाले नाही. "हळर्णच्या किल्ल्यावर मी तुला सगळ्यांसमोर सोंग म्हणाले. ते जाणूनबुजून म्हणाले, टोचावं म्हणून म्हणाले. मला क्षमा कर," असं सांगितलं. पलीकडं थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग ती म्हणाली, "मावशी, तो डाग अजून गेला नाही बघ." आणि आम्ही बराच वेळ इकडचं-तिकडचं बोलत राहिलो.

साड्यांचं परिमाण मी केलं आहे. किती, ते सांगत नाही, सांगितलं की त्याचाही मान चढतो. नवीन रेशीम घ्यायचं नाही, एवढं मात्र ठरवलं आहे.

आणि एक काम राहिलं होतं. आक्काला विचारायचं राहिलं ते राहिलंच. पण घरात सासूबाई आहेत. मामंजी जाऊन अठरा वर्षं झाली, तेव्हापासून मीच त्यांच्यासाठी साड्या आणते, आणि त्या सगळ्या इंग्लिश कलरच्या. दिवाळीच्या आधी मी त्यांना विचारलं, "आई, तुम्हाला कुठला रंग आवडतो?" त्या म्हणाल्या, "आता कसला रंग नि कसलं काय." मी विषय सोडला. दोन दिवसांनी भाजी निवडताना, मान वर न करता त्या म्हणाल्या, "पोपटी. मिळाला तर बघ. फिका नको."

आपल्या प्रत्येकीच्या घरात अशी एकतरी बाई आहे. तिला एकदा विचारा, आणि उत्तर यायला दोन दिवस लागले तरी थांबा.